कुमगाराच्या रांगेत चौथीची मुलगी: गोव्यातील एका कॅथलिक प्राथमिक शाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

बार्देश तालुक्यातल्या एका गावात इगर्जीच्या (चर्चच्या) आवारात भरणारी ही पहिली ते चौथीची अनुदानित शाळा. माध्यम इंग्रजी, जोडीला कोकणी किंवा मराठी. गावचे पाद्री शाळेचे मॅनेजर, मुख्याध्यापिका सिस्टर, शिक्षिका बहुतेक आसपासच्या वाड्यांवरच्या. पटावर कॅथलिक मुले निम्म्याहून थोडी कमी. उरलेल्यांत मराठी-कोकणी बोलणारी हिंदू घरे जास्त, काही कन्नड बोलणारी बिऱ्हाडे आणि थोडी मुसलमान मुले. शाळा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वेळापत्रकात आठवड्याला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन तासिका अशा होत्या की वर्ग दोन भागांत फुटे. कॅथलिक मुले दोतोर्नीला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाला) जात आणि बाकीची ‘मूल्यशिक्षणा’ला बसत. दोतोर्नीला पुस्तक होते, शिकवणारी ठरलेली बाई होती, वर्षाचा आराखडा होता. मूल्यशिक्षणाला जी शिक्षिका मोकळी असेल ती जाई आणि बहुधा चित्रे रंगवून घेई.

एवढ्यावरून शाळा बेफिकीर होती असे कोणी समजू नये. दिवाळीला आकाशकंदिलांची स्पर्धा, नाताळला गोठा, चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी माटोळीतल्या (गणपतीवर टांगतात त्या फळांच्या मांडवीतल्या) फळांची ओळख, ईदेला शीरखुर्मा, सगळे नेमाने होई. व्हरांड्यात ‘सर्व धर्म समान’ असा रंगीत फलक होता. सिस्टरांनी शाळेच्या आढाव्यासाठी चार रकान्यांचा एक तक्ताही केला होता: आध्यात्मिक, नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक. ही विभागणी मूळची इंग्लंडमधली. तिथल्या १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने मुलांच्या आध्यात्मिक, नैतिक आणि सांस्कृतिक विकासाची जबाबदारी शाळेवर टाकली, आणि पुढे शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडच्या निकषांत ‘सामाजिक’ धरून हे चार पदर पक्के झाले. तिथे ‘आध्यात्मिक’ म्हणजे निव्वळ उपासना नव्हे. स्वतःच्या श्रद्धेचा विचार करणे, दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल कुतूहल आणि आदर असणे, जगाकडे पाहून नवल वाटणे हे सारे त्यात येते. या शाळेच्या तक्त्यात मात्र त्या रकान्यात ‘रोजची प्रार्थना, फेस्ताची मीस’ (संताच्या सणाची चर्चमधली सामूहिक उपासना) एवढेच लिहिले होते. आणि ‘सांस्कृतिक’मध्ये सणांची यादी.

काय घडले

फेब्रुवारी २०२४ मधल्या एका शुक्रवारी शाळेच्या आश्रयदात्या संताचे फेस्त होते. दर वर्षीप्रमाणे पूर्ण शाळा मीसला इगर्जीत नेली. चौथीतल्या काही मुलांचा पहिला कुमगार (मीसमध्ये मिळणारी पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) डिसेंबरात झाला होता. त्याचे पांढरे झगे, मेणबत्त्या आणि घरचे जेवण सगळ्या वर्गाने पाहिले होते, कारण मैत्रिणी म्हणून हिंदू मुलींनाही आमंत्रणे होती.

कुमगाराच्या वेळी बाकांवरून रांग उठली. एक हिंदू मराठी घरातली मुलगी मधोमध बसली होती. दोन्ही बाजूंच्या मैत्रिणी उठल्या, तीही उठली. पुढचीने हात जसे धरले तसे तिने धरले आणि तळहातावर कुमगार घेतला. परत आल्यावर त्याचे काय करायचे हे न कळल्याने रुमालात ठेवला. एका शिक्षिकेने ते पाहिले, धावत येऊन रुमाल काढून घेतला आणि सर्वांदेखत मोठ्याने विचारले, “हे काय केलंस तू? तुला कोणी सांगितलं होतं?” मुलगी रडू लागली. फादरांनी तो कुमगार स्वतः ग्रहण केला. वेदीवरची भाकर खाली पडली वा अशी कुठे सापडली की ती ग्रहण करायची किंवा पाण्यात पूर्ण विरघळू द्यायची, ही चर्चची रीत आहे.

घरी मुलीने अर्धेच सांगितले. आजीने पहिला प्रश्न विचारला, “तू ते खाल्लंस का?” संध्याकाळी आईने वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले की आमच्या मुलीला न विचारता प्रार्थनेला नेले आणि वर तिलाच ओरडले. रात्रीपर्यंत तो मजकूर गावाबाहेरच्या गटांत पोचला, तेव्हा त्याचे ‘शाळेत मुलांना बाटवतात’ असे झाले होते. दोघा-तिघांनी वडिलांना फोन करून “आम्ही बघतो त्यांच्याकडे” म्हटले. वडिलांनी त्यांना थांबवले. प्रकरण हाताबाहेर गेले नाही याचे निम्मे श्रेय या एका नकाराला आहे.

नेमकी अडचण

पहिल्या दोन दिवसांत सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत असे वाटत होते. प्रत्यक्षात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले होते.

पहिला संमतीचा. संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याक समाजाला शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. पण अनुच्छेद २८(३) सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. इंग्लंडच्या चौकटी उसन्या घेताना इथेच गफलत होते. तिथे १९९८ च्या कायद्याप्रमाणे मूल प्रार्थनेत धरलेले असते आणि पालकाला ते काढून घेण्याचा हक्क असतो. आपल्याकडे उलटे आहे: पालकाने हो म्हटल्याशिवाय मूल धरायचेच नाही. शाळेच्या प्रवेशपत्रात ‘शाळेचे नियम व परंपरा मान्य आहेत’ अशी एक ओळ होती आणि तिच्याखाली सही. मीसला नेण्याइतकी ती संमती आहे असे शाळा धरून चालली होती. त्या ओळीवर विसंबणे धोक्याचेच होते. सही करणाऱ्याला गणवेश आणि फी डोळ्यापुढे होती, वेदी नव्हे.

दुसरा पावित्र्याचा. कॅथलिक श्रद्धेत कुमगार म्हणजे ख्रिस्ताचे शरीर. तो बाप्तिस्मा झालेल्यालाच, आणि मुलांना तयारी झाल्यावरच मिळतो. त्यामुळे ओरडलेल्या शिक्षिकेचा धसका खरा होता. कॅथलिक मुलांतही पहिली ते तिसरीची मुले बाकावरच बसतात हे कोणी ध्यानात घेतले नाही. घेतले असते तर ‘हिंदू म्हणून हाकलले’ हा समज लगेच सैल झाला असता.

तिसरा प्रश्न मुलीचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. तिने दोन शिकवण्या पाळल्या होत्या. शाळेने शिकवले होते की रांग उठली की उठायचे. घराने शिकवले होते की देवाच्या दारात कोणी हातावर काही ठेवले तर नाही म्हणायचे नाही, उजवा हात पुढे करायचा. देवळात तीर्थ-प्रसाद येईल त्याला मिळतो. न घेणे हाच तिथे उर्मटपणा. म्हणजे ती मुलगी तिच्या परीने अगदी रीतीने वागली होती. ‘सर्व धर्म समान’ या फलकाचा एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीने लावलेला हा सरळ अर्थ आहे. शाळेने सारखेपणा पुष्कळ शिकवला होता, वेगळेपणा कधीच नाही. प्रत्येक परंपरेत काही गोष्टी सगळ्यांसाठी असतात आणि काही फक्त आतल्यांसाठी, हे सांगणे असभ्य वाटून सगळेच टाळत आले होते.

आजीच्या प्रश्नालाही इतिहास आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मांतराच्या आठवणी आणि विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा गोव्यातल्या हिंदू घरांत अजून सांगितल्या जातात. भाकरीच्या तुकड्याबद्दलची तिची भीती हसण्यावारी नेली असती तर घर कायमचे तुटले असते.

पहिले तीन दिवस

सिस्टरांनी शुक्रवारी फोन केला नाही. वातावरण निवळू दे, सोमवारी बोलावू, असा त्यांचा हिशेब होता. या प्रकरणातला हा सर्वांत महाग पडलेला निर्णय. त्या दुपारी कुटुंबाला दुखावल्याची भावना होती, सोमवारपर्यंत तिला बाहेरचे शब्द मिळाले होते.

सोमवारच्या बैठकीत मात्र तीन गोष्टी नीट झाल्या. मुलीला बोलावले नाही. आजीलाही या म्हणून सांगितले. आणि पालक-शिक्षक संघाची माणसे त्या खोलीत नव्हती. फादरांनी सुरुवात कायद्याने न करता आजीच्या प्रश्नाने केली. माणूस ख्रिस्ती होतो तो बाप्तिस्म्याने. नुसता कुमगार खाल्ल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. आणि तुमच्या नातीने तर तो खाल्लाही नाही. आजी म्हणाली, “मग फादर, ती बाई एवढी का ओरडली?” यावर त्यांनी शिक्षिकेची बाजू मांडली: देवघरातली मूर्ती कोणी न कळून खिशात घातली तर आपण जसे दचकू तशी ती दचकली, पण दचकणे तिचे होते, ओरडा मुलीने खाल्ला, आणि ते चुकले.

शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी मुलीला मधल्या सुट्टीत एकटीला गाठून सांगितले की मी घाबरले म्हणून ओरडले, तुझी चूक नव्हती, आम्ही आधी सांगायला हवे होते. वर्गासमोर माफी मागावी असा एक आग्रह होता. तो मानला नाही हे बरे झाले, कारण त्यात मुलगी पुन्हा सगळ्यांच्या नजरेसमोर आली असती.

तक्रार भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली नाही. तरी शाळेने घटनेची एक पानी लेखी नोंद करून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. अशी नोंद पुढे अफवा उठली की उपयोगी पडते.

पर्याय

फेस्ताच्या मीसचे पुढे काय, यावर महिनाभर खल झाला. मीस फक्त कॅथलिक मुलांसाठी ठेवावी हा सर्वांत सुटसुटीत मार्ग. पण त्यात शाळेच्या सणादिवशीच शाळा दोन तुकड्यांत फुटते, आणि ज्या हिंदू पालकांना मुलांनी जावे असे वाटते त्यांचीही वाट बंद होते. ती शाळेच्या वेळेबाहेर, रविवारी ठेवावी असाही विचार झाला. तो कायद्याने निर्धोक, पण दूरच्या वाड्यांवरची कॅथलिक मुलेही आली नसती.

फादरांचा कल तिसऱ्या उपायाकडे होता. इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत कुमगार न घेणारी मुले छातीशी हात दुमडून रांगेत येतात आणि पाद्री त्यांना नुसता आशीर्वाद देतो. दिसायला गोड कल्पना. सिस्टरांनी दोन कारणांनी नको म्हटले. वेदीपुढे आशीर्वाद घेणे ही हिंदू पालकाच्या लेखी धार्मिक कृतीच आहे, तेव्हा संमतीचा प्रश्न तसाच राहतो. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या हलत्या रांगेत दोन प्रकारच्या हातांच्या खुणा सांभाळायला लावणे म्हणजे पुढच्या चुकीची तयारी करणे.

शेवटी ठरले ते असे: लेखी संमती असलेली मुले मीसला बसतील, कुमगाराच्या वेळी जागेवरच राहतील, संमती नसलेल्यांसाठी त्याच वेळी खराखुरा वर्ग, आणि नंतर मैदानावर सगळ्यांचा मिळून कार्यक्रम.

पॅरिशमधल्या (या चर्चच्या कॅथलिक लोकांतल्या) काहींना हे झुकणे वाटले. त्यांना पटवायला भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचना कामी आल्या. अन्य धर्मांच्या मुलांवर आपल्या धार्मिक परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या सभेत संविधानाची उद्देशिका म्हणावी, असे त्यांत स्पष्ट आहे.

काय केले

संमतीपत्र नव्याने लिहिले. एका सहीऐवजी प्रत्येक गोष्टीला वेगळी ओळ: सकाळच्या प्रार्थनेत उभे राहणे, फेस्ताच्या मीसला बसणे, दोतोर्न, इगर्ज किंवा देऊळ पाहायला जाणे. प्रत्येकीपुढे हो किंवा नाही. पत्र परत आले नाही तर उत्तर ‘नाही’ धरायचे. मराठी, कोकणी, इंग्रजी आणि कन्नडमध्ये छापले आणि दर वर्षी नव्याने घ्यायचे ठरवले. पहिल्या खेपेला बरीच पत्रे सगळ्या ओळींना हो करून आली. सिस्टरांना शंका आली की पालकांना ‘नाही’ची धास्ती वाटते. मग पत्राच्या माथ्यावरच एक वाक्य घातले: ‘नाही लिहिल्याने मुलाच्या गुणांत, वागणुकीच्या शेऱ्यात वा प्रवेशात काही फरक पडणार नाही.’ दुसऱ्यांदा वाटल्यावर उत्तरे बदलली.

इगर्जीतली बसण्याची रीतही बदलली. पहिला कुमगार झालेली मुले बाकाच्या वाटेकडच्या टोकाला, बाकीची आतल्या बाजूला. त्यामुळे उठणाऱ्याला कोणाला ओलांडावे लागत नाही आणि मधले मूल ओढले जात नाही. दर दोन बाकांमागे एक शिक्षिका. आदल्या दिवशी वर्गात दहा मिनिटे समजावणे: कोण उठेल, कोण बसेल, का.

दोन तासिकांपैकी एक फुटलेली ठेवली, कारण दोतोर्न हे श्रद्धेचे शिक्षण आहे आणि ते सर्वांचे करता येत नाही. त्या वेळी बाकीच्यांना ठरलेली शिक्षिका आणि ठरलेला आराखडा दिला. दुसरी तासिका सगळ्या वर्गाची केली. धर्मांविषयी शिकणे आणि धर्माची दीक्षा देणे यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात मान्य केले आहे. ही तासिका त्या पहिल्या प्रकारात बसते.

सगळ्यांची तासिका आणि तीन रकाने

चौथीसाठी चार तासांची एक पाठमाला केली. मध्यभागी एक तक्ता: ‘सगळ्यांसाठी’, ‘विचारून’, ‘फक्त त्यांच्यासाठी’. मुलांनी चिठ्ठ्या लिहून लावायच्या. नेवऱ्या, नाताळची कुस्वाद (घरोघरी वाटायचा फराळ), गोठा पाहणे पहिल्यात गेले. माटोळीला हात लावणे, आरतीची घंटा वाजवणे, दर्ग्यात डोके झाकून जाणे दुसऱ्यात. देवळाचा गाभारा आणि कुमगार तिसऱ्यात. गाभाऱ्याची चिठ्ठी एका हिंदू मुलानेच लावली: “तिथे मीपण जाऊ शकत नाही, फक्त भटजी.” या एका वाक्याने जे झाले ते शिक्षिकेच्या चार तासांत झाले नसते. वेगळेपणाची रेघ शेजाऱ्याला दूर ठेवायला आखलेली नसते; ती घरातल्या माणसालाही लागू असते.

पाठाच्या पहिल्या मसुद्यात ‘कुमगार म्हणजे ख्रिस्ती लोकांचा प्रसाद’ असे वाक्य होते. फादरांनी ते काढायला लावले, आणि बरोबर केले. त्याच समजुतीतून ती घटना घडली होती. साम्य दाखवायचे तर खरे असेल तिथे दाखवावे. गोव्यात त्याला तोटा नाही: ऑगस्टमध्ये कणसाच्या फेस्ताला भाताची पहिली कणसे इगर्जीत आशीर्वादली जातात, राय या गावची ५ ऑगस्टला, आणि चवथीच्या दिवसांत हिंदू घरांत नवे (नव्या पिकाची कणसे) येते. शेत एकच, पीक एकच. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण (मेरीमाता) या बहिणी, ही लोकांची श्रद्धाही मुलांना घरूनच माहीत होती.

गडबडीही झाल्या. दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत “हा डबा फक्त आमच्यासाठी” असे चिडवणे सुरू झाले. मग नियम घातला: तिसऱ्या रकान्यात चिठ्ठी लावायची ती ज्याची परंपरा त्यानेच, आणि फक्त पूजेच्या गोष्टींची. एका मुलीची आई कॅथलिक आणि वडील हिंदू. तिला प्रत्येक चिठ्ठीवर धर्माचे नाव लिहिणे जमेना. तेव्हापासून तक्त्यावर धर्माचे नाव येत नाही, रीतीचे येते.

नोव्हेंबरात याची कसोटी लागली. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा दशवार्षिक सोहळा होता आणि शाळेची बस जाणारच होती. संमतीपत्रात दोन ओळी केल्या: से कॅथेड्रलमध्ये शवदर्शनाच्या रांगेत जाणे, आणि केवळ परिसर, इमारती व घंटा पाहणे. दोन गट, प्रत्येकाबरोबर दोन शिक्षिका, जेवण एकत्र. तक्रार आली नाही, पण गट पुन्हा जुळवताना अर्धा तास वाया गेला, कारण दर्शनाची रांग किती लांब असेल याचा अंदाज चुकला.

निष्पत्ती

ती मुलगी चौथी पूर्ण करून शेजारच्या हायस्कुलात गेली. पुढच्या फेस्ताला तिच्या धाकट्या भावाच्या संमतीपत्रात मीसच्या ओळीपुढे ‘नाही’ होते आणि मैदानावरच्या कार्यक्रमाला आई-आजी दोघी आल्या होत्या. एका कॅथलिक कुटुंबाने “शाळा आता आपली राहिली नाही” म्हणत मूल काढून नेले. ओरडलेली शिक्षिका अजून शिकवते, सगळ्यांची तासिका तीच घेते, आणि कुमगाराचा पाठ दुसऱ्या कोणी घ्यावा असे दर वेळी सुचवते.

सकाळच्या प्रार्थनेचा प्रश्न अर्धाच सुटला. सोमवारी उद्देशिका आणि रोज एक मिनिट शांतता आली, क्रुसाची खूण ज्याची त्याच्यावर सोडली. पण ‘आमच्या स्वर्गातल्या बापा’ ही प्रार्थना कायम आहे, आणि ‘नाही’ लिहिलेली मुले त्या वेळी गप्प उभी राहतात. उभे राहणे म्हणजे हजर राहणेच, हा मुद्दा एका वडिलांनी काढला आहे. त्याला अजून उत्तर दिलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

फोन त्याच दुपारी, मूल घरी पोचण्याआधी. सांगण्यासारखे सगळे तेव्हाच माहीत होते.

कुमगार देणाऱ्याने मुलाचा चेहरा पाहणे. शंका आली तर “पहिला कुमगार झाला?” असे हळू विचारून मुलाला परत पाठवता आले असते. गावच्या पाद्रीला मुले ओळखू येतात; फेस्ताला बाहेरून पाहुणे फादर येतात तेव्हा ही जबाबदारी शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिकेकडे द्यायला हवी.

आणि पाठमाला चौथीला सुरू करणे उशिराचे आहे. पहिला कुमगार साधारण आठ-नऊ वर्षांत होतो, त्याचे कुतूहल तिसरीतच सुरू होते. शाळेने पुढच्या वर्षी ती तिसरीच्या दुसऱ्या सत्रात, डिसेंबरच्या कुमगारांआधी आणायचे ठरवले आहे. त्यासाठी चिठ्ठ्यांऐवजी चित्रे लागतील, कारण तिसरीतल्या कन्नड बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीत चार शब्द लिहितानाच तास संपतो.